भिंतीवरच्या तीन रेषा



परवा बस्तीतून बाहेर पडताना एका काकींनी मला गाठलं. हसत हसतच विचारलं, "काय गं, स्वाध्यायात अपरिग्रहावर एवढं बोलतेस, आणि पडकी घरं घेऊन, दुरुस्त करून विकतेस. हे दोन्ही एका घरात कसं नांदतं?" मी पण हसले, "निवांत सांगते काकी," म्हणाले आणि स्कूटर सुरू केली. पण घरी येऊन भाजी निवडायला बसले तरी प्रश्न डोक्यातून जाईना. काकी थट्टेनं बोलल्या असल्या तरी प्रश्न खरा होता. म्हणून आज एका घराची गोष्ट सांगते. त्यात माझी चूक पण आहे, तीही लपवत नाही.

आम्ही हा उद्योग सुरू केला तो मोठा विचार करून नव्हे. ह्यांच्या दुकानाला पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. माझ्या एका विम्याचे पैसे आले होते. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, बांधकामातलं थोडं कळतं. तिघांनी मिळून विश्रामबागेत एक जुना, गळका फ्लॅट घेतला, सहा महिन्यांत नीट केला आणि विकला. चार पैसे सुटले. हुरूप आला. दुसरं घर आम्ही बँकेच्या लिलावातून घेतलं, ते सांगलीच्या गावभागातलं. गोष्ट त्याच घराची.

लिलावातलं घर म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण बऱ्याच मैत्रिणी मला विचारतात. कर्ज थकलं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस देते. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ताबा घेते आणि पुढे जाहीर नोटीस देऊन घर विकते. आमच्या घराची राखीव किंमत ३१ लाख होती. तिच्या दहा टक्के, म्हणजे ३ लाख १० हजार अनामत भरून बोलीत उतरलो. ३२ लाख ४० हजारांना बोली आमची झाली. मग घाई सुरू. बोलीच्या पंचवीस टक्के रक्कम, अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. उरलेले पंचाहत्तर टक्के, म्हणजे आमचे २४ लाख ३० हजार, विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. नाही जमलं तर भरलेले पैसेही जातात. तेव्हा १२ लाखांचं कर्ज काढलं, बाकीचे दोन्ही घरांनी निम्मे निम्मे घातले.

लिलावाच्या कागदावर एक वाक्य असतं: मालमत्ता 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' विकली जाते. म्हणजे आत काय निघेल ती जबाबदारी तुमची. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

किल्ली मिळाली ती २०२३ च्या फेब्रुवारीत. बैठं घर, चार खोल्या, मागे परसू, विटांच्या जाड भिंती, वर स्लॅब. दार उघडलं आणि ओलीचा वास नाकात गेला. भिंतींना कमरेच्या वरपर्यंत लोणा लागलेला, हात लावला की पांढरं पीठ बोटाला. सोप्याच्या दारामागे भिंतीवर लाल ऑईलपेंटच्या तीन आडव्या रेषा होत्या. सगळ्यात खालची जमिनीपासून वीतभर, तिच्यापुढे २००५. मधली गुडघ्याच्या वर, २०२१. सगळ्यात वरची माझ्या छातीला लागणारी, २०१९.

सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घरात येऊन गेलेलं पाणी किती होतं, ते आपल्याकडे कितीतरी घरांच्या भिंतीवर असं लिहिलेलं सापडतं.

पहिल्याच आठवड्यात एक बाई रिक्षा घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "आमचा पाटा-वरवंटा परसात राहिलाय. सासूबाईंचा आहे. नेऊ का?" मला काय बोलावं कळेना. त्या आधीच्या मालकीणबाई होत्या. २०१९ ला ह्यांचं दुकान आणि घर दोन्ही पाण्यात गेलं, उभं करायला कर्ज काढलं, मग कोरोना आला, मग २०२१ ला पुन्हा पाणी. हप्ते थकत गेले. हे त्यांनी रडून सांगितलं नाही, दोन वाक्यांत सांगितलं. रिक्षावाल्यानं आणि मी मिळून पाटा उचलला. मी चहाचं विचारलं, तर नको म्हणाल्या. जाताना मात्र दारात थांबल्या, आत न्हाणीघराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून येतं. आम्ही दोन्ही वेळेला दारात वाळूची पोती लावत बसलो, आणि पाणी मागून वर आलं."

ज्या बाईचं घर आम्ही घेतलं होतं, ती आम्हाला त्या घराचं सगळ्यात कामाचं ज्ञान फुकट देऊन गेली. घर नियमानंच विकलं गेलं होतं, आम्ही कुणाला फसवलं नव्हतं. तरी त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. आत्यांना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "घर तिच्या हातून गेलं ते तिच्या कर्मानं असेल, पण तुझ्या हातून आता काय होतंय ते तुझं."

कामाला लागलो. मिस्त्रींनी भिंती बघितल्या आणि सोपा मार्ग सांगितला. "वहिनी, कशाला एवढा खटाटोप? चार फुटांपर्यंत पॅनेल मारू, वर दोन हात पुट्टी. दोन पावसाळं कायबी दिसणार न्हाई बघा."

दोन पावसाळे. म्हणजे घर विकून होईपर्यंत.

ओल्या भिंतीचं गणित साधं आहे. पाया ओला असला की वीट दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार वर येतात. भिंतीच्या तोंडाशी येऊन पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, फुगतात आणि गिलावा, रंग सगळं ढकलून टाकतात. तोच लोणा. वरून पॅनेल किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती आतल्या आत आणखी वर चढते आणि पॅनेलच्या वर जाऊन फुटते. म्हणजे दुखणं जात नाही, नुसतं झाकलं जातं आणि वाढतं.

आम्ही लांबचा मार्ग घेतला. साडेपाच फुटांपर्यंतचा सगळा गिलावा काढला. विटांमधल्या सांधी खरडल्या. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून गोळा केला, कारण धुतला तर तो पाण्याबरोबर परत विटेत जातो. मग खिडक्या-दारं उघडी टाकून पूर्ण उन्हाळा भिंती नुसत्या वाळू दिल्या. भाऊजी रोज म्हणायचे, "व्याज चालू आहे वहिनी." त्यांचंही खरं होतं. मेअखेर जोत्याच्या वर ओळीनं भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरलं आणि चुन्याचा गिलावा केला, म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो. विजेची सगळी बटणं आणि बोर्ड पाच फुटांवर नेले. स्वयंपाकघरात प्लायवूड अजिबात नाही, कडाप्प्याचे कप्पे केले. पुरानंतर ते धुऊन पुसून वापरता येतात, प्लायवूड फेकावं लागतं. आणि मोरीच्या पाइपला, बाहेर गटाराला जोडतो तिथे, उलटं पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवला. तो त्या बाईंच्या एका वाक्याचा.

पण एक गोष्ट घडली. गिलावा काढताना दारामागच्या तीन रेषाही गेल्या. लपवायचं म्हणून नव्हे, दुरुस्तीसाठीच गिलावा काढला. मी त्यांची उंची आधी मोजून वहीत लिहूनही ठेवली होती. तरी ऑगस्टअखेर रंग लागला तेव्हा घर इतकं सुंदर दिसत होतं, की वहीची आठवण काढावीशी वाटली नाही. मनाची लबाडी अशीच असते. मी काही खोटं केलं नाही, असं म्हणत ती हळूच सोयीच्या बाजूला जाऊन बसते.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं आणि त्याच दिवसांत एक तरुण जोडपं घर बघायला आलं. नोकरीनिमित्त विदर्भातून आलेले, पदरी लहान मूल. घर त्यांना एकदम आवडलं. भाऊजींनी ५० लाख सांगितले, त्यांनी फार घासाघीस न करता होकार भरला. माझ्या मनात लगेच हिशोब झाला, साडेसहा लाख सुटतात. निघता निघता त्या मुलीनं विचारलं, "काकू, इथे पुराचं पाणी येतं का हो?"

भाऊजी म्हणाले, "२०१९ ला काय, सगळ्या सांगलीतच पाणी होतं."

ह्यात एक शब्दही धड खोटा म्हणता येणार नाही, आणि एक शब्दही उत्तर नाही. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिला निरोप दिला.

तो दिवस उत्तम आर्जवाचा होता. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असणं. संध्याकाळी बस्तीत प्रवचन ऐकताना मी मान खाली घालून बसले होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे हलक्या मालाला चांगल्याचं रूप देऊन खपवणं. लहानपणापासून पाठशाळेत आम्ही हे घोकलेलं. दुधात पाणी, तुपात डालडा, असली उदाहरणं गुरुजी द्यायचे. रंगवलेल्या भिंतीचं उदाहरण त्यांनी दिलं नव्हतं. ते मला त्या दिवशी आपलं आपण सापडलं.

रात्री घरी विषय काढला. भाऊजी रागावले. "बँकेनं आपल्याला सांगितलं होतं का? जसं आहे तसं घेतलं, तसं विकू. आणि भिंती तर आपण खऱ्याच दुरुस्त केल्यात की." मी म्हणाले, "भाऊजी, बँकेनं सांगितलं नाही, पण भिंतीवर लिहिलेलं होतं. ते पुसलं आपण."

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात कलम ५५ आहे. घरातला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे व्रत आणि कायदा दोन्ही एकच सांगत होते. पण खरं सांगते, कायदा नसता तरी त्या मुलीची नजर मला झोपू देत नव्हती.

मी तिला फोन केला. तीन रेषांच्या उंची वहीतून वाचून दाखवल्या. मोरीचं सांगितलं. व्हॉल्व्ह बसवल्याचं सांगितलं, आणि छातीभर पाणी आलं तर व्हॉल्व्ह काही करू शकत नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, काल का नाही सांगितलंत?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली. दोन दिवसांनी त्यांचा नकार आला.

पुढचे महिने अवघड गेले. भाऊजींच्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे ह्याच घरात अडकले होते. भाऊजी माझ्याशी तुटक बोलायला लागले. जाऊबाईंचं बोलणं तर नुसतं 'हो' आणि 'नाही'वर आलं. फी भरायची वेळ आली तेव्हा माझ्या दोन पाटल्या गहाण ठेवून पैसे दिले. खरं बोलायचं मी ठरवलं होतं, तर त्याची किंमत पुतणीनं का भरावी? क्षमावाणीच्या दिवशी भाऊजींचे पाय धरले. माफी खरं बोलल्याची नव्हती, त्यांना न विचारता फोन केल्याची होती. पैसे त्यांचेही होते, आधी त्यांना सांगायला हवं होतं. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा घेऊन गेले.

दिवाळीनंतर मी लाल ऑईलपेंटची छोटी डबी आणली आणि दारामागे तिन्ही रेषा पुन्हा मारल्या. वर्षं लिहिली. अक्षर काही चांगलं आलं नाही.

मार्चमध्ये एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी घर बघायला आल्या. गावभागातलेच, वाटणीत घर गेलं म्हणून दुसरं शोधत होते. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि सरळ सोप्याचं दार ओढून मागे बघितलं. "हं, इथे एवढं आलंय होय," म्हणाल्या. "आमच्याकडे हात वर." मग बोर्ड वर घेतलेले बघितले, कडाप्पा बघितला. गुरुजींनी मोरीचा व्हॉल्व्ह बघितला आणि म्हणाले, "हे कुणी सुचवलं?" मी सांगितलं. त्यांनी किंमत पाडून मागितली, आम्ही थोडं ताणलं आणि ४६ लाखांना सौदा झाला. अक्षय तृतीयेला आगाऊ रकमेची पावती केली, पुढे दस्त.

आता हिशोब. खरेदी ३२ लाख ४०. मुद्रांक, नोंदणी, वकील आणि थकलेली घरपट्टी मिळून २ लाख ३५. दुरुस्ती ७ लाख ८०. व्याज १ लाख ७०. एकूण ४४ लाख २५ हजार. सुटले १ लाख ७५ हजार, तेही दोन घरांत आणि कराच्या आधी. साडेसहा लाखांच्या जागी पावणेदोन. पाटल्या सुटल्या, पुतणी दुसऱ्या वर्षाला गेली. जाऊबाई आता पूर्वीसारख्या बोलतात, जवळजवळ.

ज्या मैत्रिणींना हे करून बघायचं आहे, त्यांना अनुभवाचे चार शब्द. लिलावात उतरण्याआधी बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की नुसता कागदावरचा, ते विचारा. आत माणसं राहत असतील तर त्यांना बाहेर काढण्याचं पाप आणि खटला दोन्ही आपल्या वाट्याला येतात. आम्ही तसल्या घराकडे बघत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल किती थकलंय ते आधी काढा. वीजबिलाची जुनी थकबाकी 'जशी आहे तशी' घेणाऱ्याकडून वसूल होऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. नदीकाठच्या गावात घर निळ्या पूररेषेत आहे की लाल, ते महापालिकेत बघा. दुरुस्तीचा अंदाज निघेल त्याच्या दीडपट पैसे हाताशी ठेवा. आणि शेजारच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी अर्धा तास बोला. कुठल्याही कागदात नसतं ते त्यांना माहीत असतं.

काकी, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. परिग्रहाची मर्यादा बांधताना आपल्याकडे शेत आणि घर सगळ्यात आधी मोजायला सांगितलंय. आम्ही तिघांनी नियम घेतला आहे, राहतं घर सोडून एका वेळी एकच घर. ते विकल्याशिवाय दुसऱ्याची जाहिरातसुद्धा वाचायची नाही. पण मला कळलं ते असं, की परिग्रह घरांच्या संख्येत कमी आणि मनाच्या चिकटण्यात जास्त असतो. ते ५० लाख एक रात्रभर माझे होते. हातात एक रुपया आला नव्हता, तरी ते सोडताना जीव जेवढा तुटला, तेवढा पाटल्या काढून देताना तुटला नाही. ते जोपर्यंत घट्ट धरलेले होते, तोपर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

गुरुजींना किल्ली देताना मी एक कागदही दिला. कुठली भिंत जास्त ओली होती, रसायन कुठे भरलं, चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारू नका, व्हॉल्व्ह दर पावसाळ्याआधी उघडून साफ करा. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, पहिलं वाक्य: पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून येतं. ते वाक्य माझं नव्हतं. ते ज्यांचं होतं त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, नुसती कर्जाच्या कागदावरची आद्याक्षरं वाचली होती. आता कुठेतरी त्या त्याच पाट्यावर चटणी वाटत असतील, एवढीच आशा.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर उत्तम क्षमा.